रीवा त्रिगोसो : कलंडलेल्या राजकन्येचं गाव

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. सप्टेंबर २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात तो जगभरच्या मोबाइलवर फिरत होता. तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या काठी, एरेगलीला एक कोरी करकरीत, पांढरीशुभ्र यॉट पाण्यात उतरते. नाव ‘डोल्चे व्हेंतो’. इटालियनमध्ये ‘गोड वारा’! लांबी साधारण २४ मीटर, म्हणजे आपल्या दोन बेस्टच्या बशी एकामागे एक लावल्यासारखी. काठावर बघे, हातात मोबाइल… आणि पंधराएक मिनिटांत हा गोड वारा एका बाजूला कलतो, कलतच जातो आणि बुडतो. मालक पाण्यात उडी मारून पोहत काठाला येतात. खेळ खलास.

मी तेव्हा मिलानमध्ये ऑनसाइट होते. लंचनंतरची पेंगुळलेली वेळ. आमच्या टीमने तो व्हिडिओ चार वेळा बघून घेतला. आमचं स्वतःचं ‘गो-लाइव्ह’ महिन्यावर आलं होतं, तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी बुडताना बघण्यात एक वेगळंच सुख होतं, खोटं कशाला बोलू? मी लगेच तो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तीन स्मायली.

भावाने आणखी पाच स्मायली टाकल्या. मावशीने ‘अरे देवा’ लिहिलं. बाबांचं उत्तर तासाभराने आलं, एकाच ओळीचं.

‘आत माणसं होती का?’

माझे बाबा माझगावच्या गोदीतून रिटायर झाले. तिसाहून जास्त वर्षं तिथे काढली. आम्हाला लहानपणी एवढंच ठाऊक, की बाबा ‘डॉक’मध्ये जातात, संध्याकाळी त्यांच्या शर्टाला ग्रीसचा वास येतो आणि वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी ते पेढ्यांचा पुडा घेऊन येतात. त्या दिवशी नवं जहाज पाण्यात सोडलेलं असायचं. ‘जहाज सुटलं’ म्हणायचे ते. आम्ही पेढे खायचो आणि जहाज विसरायचो. पुढे मी इंजिनिअर झाले, पण कॉम्प्युटरवाली. बाबांच्या नोकरीबद्दल मी त्यांना एक धड प्रश्न कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्या रात्री फोन केला. सगळे वाचले म्हणून सांगितलं. मग बाबा म्हणाले, “तू मिलानला ना? तिथून जेनोआ किती लांब गं?”

“दीडेक तास ट्रेनने. का?”

“त्याच्या पुढे रीवा त्रिगोसो म्हणून एक गाव आहे. आम्ही अ‍ॅप्रेंटिस होतो तेव्हा मास्तरांनी एक फोटो दाखवला होता. जमलं तर जाऊन ये.”

बाबांनी आजवर माझ्याकडे परदेशातून काहीही मागितलेलं नाही. चॉकलेटसुद्धा नाही, त्यांना शुगर आहे. तेव्हा जाणं भाग होतं.

मिलानहून लिगुरियाच्या किनाऱ्याला जाणारी शनिवार सकाळची ट्रेन म्हणजे आपली गणपतीतली कोकण रेल्वे, फक्त सामानात मोदकांऐवजी स्विमिंग कॉस्च्यूम. सगळे चालले होते चिंक्वे तेर्रेला. डोंगराला चिकटवलेली ती पाच रंगीत गावं, जी तुमच्याही डेस्कटॉपवर कधी ना कधी वॉलपेपर म्हणून येऊन गेली असतील. सुंदर आहेत, वादच नाही. पण सप्टेंबरातही तिथे दादरच्या पुलासारखी माणसं असतात. तुम्ही म्हणाल, सगळे जातात म्हणजे काहीतरी असेलच ना? असेल. मी मात्र त्यांच्या बरंच अलीकडे, सेस्त्री लेवांतेला उतरले.

जेनोआ सोडलं की बोगदे सुरू होतात. अंधार, मग अचानक निळा समुद्र, पुन्हा अंधार. रत्नागिरीच्या वाटेवर खिडकीशी बसून दऱ्या मोजणाऱ्यांना ही सवय आहेच. एक टिप आत्ताच देते : रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट घेतलंत, तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये ते घालून शिक्का मारून घ्या. नाहीतर तिकीट असूनही दंड. (हो, मला पडलाय. नाही, किती ते सांगणार नाही.)

सेस्त्री लेवांते हे एका चिंचोळ्या जमिनीवर वसलेलं गाव, दोन्ही बाजूंना समुद्र. एकीकडची खाडी ‘परीकथांची’. परीकथावाला हान्स ख्रिश्चन अँडरसन १८३३ मध्ये इथे येऊन राहिला होता, म्हणून. दुसरीकडची ‘शांततेची’. शांततेच्या खाडीवर शनिवारी शांतता नव्हती, पण संध्याकाळच्या उन्हात ती पिवळी-गुलाबी घरं पाण्यात उतरल्यासारखी दिसतात आणि आपोआप आवाज खाली येतो. मी तिथेच एका घरगुती लॉजमध्ये खोली घेतली.

रीवा त्रिगोसो ट्रेनने पुढचंच स्टेशन. बोगद्यात शिरेपर्यंत येतंसुद्धा. पण बूट बरे असतील तर रविवारी सकाळी डोंगरावरून चालत जा. पुंता मानारा नावाचं भूशिर मध्ये आहे. पाइनच्या झाडांतून वाट जाते, वर पोचलं की दोन्हीकडे समुद्र, आणि पलीकडे उतरायला लागलं की खाली एक साधं, अजिबात पोस्टकार्डासारखं नसलेलं गाव दिसतं. किनारा, छोट्या बोटी, वाळत घातलेले कपडे, आणि या सगळ्याच्या मधोमध, समुद्राला तोंड करून उभा असलेला एक प्रचंड कारखाना. शेड, क्रेन, करड्या रंगाचं लोखंड.

हीच ती गोदी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली, आणि अजून चालू असलेली! आज ती फिनकांतिएरी या सरकारी मालकीच्या कंपनीची आहे आणि इथे इटलीच्या नौदलाची जहाजं बनतात. (हे नाव बाबांना तोंडपाठ. आपल्या नौदलाची ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ ही तेलवाहू जहाजं याच कंपनीने इटलीत बांधली, २०११ मध्ये ती आपल्याकडे दाखल झाली.) आत जाता येत नाही, गेटवर माणूस आहे. पण गोदीच्या शेजारी लोक टॉवेल पसरून ऊन खात पडलेले असतात. एकीकडे युद्धनौका, तिच्यापासून काही पावलांवर सनस्क्रीन लावणाऱ्या आज्या. असं दृश्य मी दुसरीकडे पाहिलं नव्हतं.

त्याच किनाऱ्यावर बसून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मुंबईत दुपार होती.

“डावीकडे फिरव जरा… अजून… थांब. तिथे उतार दिसतोय का पाण्यात जाणारा? त्याच अंगाने गेली ती.”

ती म्हणजे ‘प्रिन्सिपेस्सा योलांदा’. इटलीच्या राजाची थोरली लेक योलांदा, तिच्या नावाचं जहाज. तारीख २२ सप्टेंबर १९०७, वार रविवार. मी बसले होते तोही सप्टेंबरातलाच रविवार, तारीख २१. हे माझ्या तिथेच लक्षात आलं आणि अंगावर बारीकसा काटा आला.

योलांदा म्हणजे तोवर इटलीत बांधलेलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज. लांबी १४१ मीटर, नऊ हजार टनांच्या वर. तो काळ असा, की जेनोआच्या बंदरातून हजारो-लाखो इटालियन माणसं अर्जेंटिना-ब्राझीलला पोट भरायला जात होती. त्या दक्षिण अमेरिकेच्या लाइनवर हे जहाज धावणार होतं. वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी मात्र थाट होता. केबिनमध्ये विजेचे दिवे, टेलिफोन, मार्कोनीची बिनतारी यंत्रणा. १९०७ मध्ये! आणि हे सगळं समारंभाच्या दिवशी तयार हवं होतं. पाहुणे येणार, फोटोग्राफर येणार. त्यामुळे फर्निचर लागलेलं, सजावट झालेली, धुरांडी उभी, वरचे मजले पूर्ण. एरवी रिकामं खोकं पाण्यात सोडतात आणि आतलं काम नंतर धक्क्याला बांधून करतात. इथे नवरी अगदी दागिन्यांसकट मांडवात आणली होती.

तळाशी मात्र काही नव्हतं. कोळसा भरलेला नव्हता. बॅलास्ट, म्हणजे तळाला घालतात ते जड वजन, तेही नव्हतं.

ती उतारावरून व्यवस्थित घसरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यात गेली, तरंगली… आणि डावीकडे झुकली. सरळ होईना. टगबोटींनी तिला उथळ पाण्याकडे ओढायचा प्रयत्न केला, नांगर टाकले, काही उपयोग झाला नाही. झुकाव वाढत गेला तसं आतलं न बांधलेलं सामान सगळं त्याच बाजूला घरंगळलं. मग बाजूच्या उघड्या खिडक्या-झरोके पाण्याला टेकले. वीसेक मिनिटांत कळून चुकलं, की हे जहाज जाणार. तासाभरात ती किनाऱ्यापासून जवळच आडवी पडली होती. आतली माणसं बाहेर काढता आली, कुणी मेलं नाही. ज्यांना फोटो काढायला बोलावलं होतं त्यांनी आपलं काम चोख केलं. त्यामुळेच तिचं बुडणं एकामागे एक फोटोंत टिपलेलं आहे. बाबांच्या मास्तरांनी दाखवला तो त्यातलाच एक. पुढे ती उभी करणं शक्य नाही असं ठरलं आणि जागच्या जागी तोडून भंगारात काढली.

“पण बाबा, एवढं मोठं जहाज बांधणाऱ्यांना हिशोब कळला नसेल?”

“कळत होता गं. पण हिशोब कुठल्या जहाजाचा केला ते बघायला हवं. कोळसा भरलेल्या, सामान लादलेल्या, समुद्रात चाललेल्या जहाजाचा हिशोब वेगळा. सोडायच्या दिवशीचं जहाज वेगळं. त्या दिवशी ते हलकं असतं. हलकं म्हणून पाण्यात उंच तरंगतं. आणि उंच तरंगतं म्हणून…” मग ते थांबले. “तुझ्याकडे करवंटी आहे का?”

इटलीत रविवारी करवंटी! पण दुपारी ट्रेनने लॉजवर परतले, तेव्हा खोलीतल्या बेसिनमध्ये पाणी भरून दह्याचा रिकामा डबा तरंगवला. फोन आरशाला टेकवून ठेवला. कुणी पाहिलं असतं तर मला वेडी म्हटलं असतं. तळाशी दोन-दोन युरोची सहा नाणी टाकली. डबा डोलला, पण बोटाने ढकलला तरी पुन्हा सरळ. “आता तीच नाणी वर ने.” मी डब्याच्या तोंडावर पुठ्ठा ठेवला, त्यावर कॉफीचा छोटा कागदी कप उपडा घातला आणि कपावर नाणी रचली. वजन तेवढंच, जरा जास्तच. क्षणभर डबा शहाण्यासारखा उभा राहिला. मग मी नळाचं टोक जेमतेम हलवलं आणि बारा युरो पाण्यात.

बाबांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत असं : जहाजाचं सगळं वजन एका बिंदूतून खाली ओढतं. पाणी दुसऱ्या एका बिंदूतून वर ढकलतं. जहाज कललं की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, आणि पाण्याचं ते ढकलणं कललेल्या बाजूकडे सरकतं. वजनाचा बिंदू पुरेसा खाली असेल तर हे ढकलणं जहाजाला पुन्हा उभं करतं, पडणाऱ्या पोराला काखेत हात घालून सावरावं तसं. पण वजन फार वर असेल, तर वजन पुढे झुकलेलं आणि हात मागे राहिलेला, अशी गत होते. मग तोच हात सावरायच्या ऐवजी ढकलून देतो. या दोन्हींच्या मधल्या सीमेला जहाजवाले मेटासेंटर म्हणतात. वजनाचा बिंदू त्याच्या खाली, तर जहाज. वर, तर भंगार.

आणि सोडण्याचा क्षण त्यातही सगळ्यात नाजूक. जहाज लाकडी पाळण्यात बसवून उतारावरून सोडतात, बहुतेक वेळा मागचा भाग आधी पाण्यात. मागची बाजू तरंगू लागते तेव्हा पुढची अजून पाळण्यावर टेकलेली असते. म्हणजे काही क्षण ते ना जमिनीचं, ना पाण्याचं. तेवढ्या वेळात त्याचं जे वजन पाळणा खालून तोलून धरतो ते सावरण्याच्या हिशोबातून जणू गळतं. तेही तळाकडचं! “खालचं वजन कुणीतरी उचलून धरलं, तर हिशोबात वरचंच उरतं ना?” बाबा म्हणाले. मला हे चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

यॉटचं तर आणखीच अवघड. ती अरुंद नसते, पण मजल्यावर मजले चढवायचा मोह भारी. वर उन्हात लोळायचा डेक, त्याच्यावर आणखी एक छप्पर, जमल्यास जकुझी. तळाच्या डिझेल आणि पाण्याच्या टाक्या पहिल्या दिवशी बहुधा रिकाम्या. त्यात पाहुणे कुठे उभे राहणार? वरच, फोटोसाठी, आणि सगळे एकाच बाजूला. एखादा झडपेचा कॉक किंवा बाजूची झडप उघडी राहिली की झालं. आत शिरलेलं पाणी स्वस्थ बसत नाही, जी बाजू खाली तिकडे धावतं आणि तिला आणखी खाली नेतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात अनाकॉर्टेसलाही मे २०१४ मध्ये ‘बाडेन’ नावाची कोरी यॉट अशीच पाण्यात उतरता उतरता कलंडली होती. तिच्यात कशाचा दोष, डोल्चे व्हेंतोत कशाचा, ते मी सांगायला जाणार नाही. पण शक्यतांची यादी शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही, असं बाबांचं मत.

आमच्या प्रोजेक्टची आठवण मला इथे आली नाही असं नाही. डॅशबोर्ड इतका देखणा, की क्लायंटने तो लॉबीतल्या स्क्रीनवर लावायला मागितला होता, आणि त्याच्या खालचं लोड टेस्टिंग… जाऊ दे. रविवार होता.

संध्याकाळी पुन्हा रीवाला गेले, जेवायला. या गावाचं स्वतःचं असं एक कालवण आहे, ‘बान्यून’. ताजी अँचोवी मासळी, टोमॅटो, कांदा, आणि खाली खलाशांचं कडक बिस्किट, जे रस्सा पिऊन मऊ होतं. ‘लेउदो’ नावाच्या शिडाच्या बोटींवरचे कोळी समुद्रातच हे शिजवायचे. जुलैत गावात याची जत्रा भरते. अँचोवी म्हणजे पिझ्झावरचा तो खारट प्रकार एवढीच ओळख असेल तर विसरा. ही आपल्या मांदेलीची चुलत बहीण. पहिल्या घासाला मला आजीचं मांदेलीचं तिखलं आठवलं, फक्त मिरचीने सुट्टी घेतलेली. मी बॅगेतली लाल तिखटाची पुडी काढून वर भुरभुरवली. वाढणाऱ्या मावशींनी पाहिलं, पुडी हातात घेतली, वास घेतला आणि शेजारच्या टेबलावर दाखवायला घेऊन गेल्या. पुडी परत आली तेव्हा अर्धी झाली होती.

टेबलावरून गोदीतले दिवे दिसत होते. योलांदानंतर वर्षभराने, ऑक्टोबर १९०८ मध्ये, याच गोदीतून तिची धाकटी बहीण ‘माफाल्दा’ पाण्यात सोडली. या वेळी वरचं काम बरंचसं मागे ठेवून. ती नीट तरंगली आणि एकोणीस वर्षं समुद्रावर धावली. शेवटी १९२७ मध्ये ब्राझीलजवळ तिच्या पंख्याचा दांडा तुटून ती बुडाली, तीनशेहून अधिक माणसं गेली. ती वेगळीच गोष्ट. आजही इथे बांधलेली जहाजं पाण्यात उतरली की उरलेल्या कामासाठी पुढे ला स्पेत्सियाजवळच्या मुज्जानोच्या गोदीत नेतात. वरचे दागिने तिकडे.

हे मी बाबांना कौतुकाने सांगितलं. सगळे वाचले, पुढच्या वेळी चूक सुधारली, चला, गोड शेवट! बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ग्लासगोची डॅफ्नी वाच.”

लॉजवर आल्यावर वाचली. ३ जुलै १८८३, स्कॉटलंड, क्लाइड नदी, लिंटहाउसची गोदी. डॅफ्नी लहानसं जहाज, योलांदापुढे होडीच. ग्लासगोतली जत्रेची सुट्टी तोंडावर आलेली, त्याआधी काम उरकायचं, म्हणून सोडतानाच आत जवळजवळ दोनशे सुतार, फिटर, रंगारी चढवलेले. पाण्यात उतरल्या उतरल्या तिथली तिथे हातोडे चालू व्हावेत म्हणून. ती नदीत घसरली आणि काही मिनिटांत डाव्या कुशीवर उलटली. १२४ जण गेले. त्यात कितीतरी पोरगेले अ‍ॅप्रेंटिस होते. नंतर चौकशी झाली. निष्कर्ष ओळखीचाच. जहाजाला मुळात तोल कमी, त्यात आत सुटं सामान आणि सुटी माणसं. ग्लासगोत त्यांची स्मारकं आहेत, एक गव्हनच्या एल्डर पार्कमध्ये आणि दुसरं नदीपलीकडे व्हिक्टोरिया पार्कमध्ये.

वाचून झालं तेव्हा आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणजे मुंबईत अडीच. तरी फोन केला नाही. सकाळी मिलानच्या ट्रेनमध्ये बसल्यावर केला.

“बाबा, जहाज सोडताना तुम्ही कुठे असायचात?”

मला वाटलं होतं, खाली, पाळण्याच्या पाचरी ठोकून काढणाऱ्यांत. तिथेही ते होतेच, पहिली काही वर्षं. मागच्या रात्रीपासून काम चालायचं. उतारावर ग्रीसचा जाड थर, एकेक आधार काढत जायचा, जहाजाचं वजन हळूहळू पाळण्यावर घ्यायचं. वर मांडव, पाहुणे, मंत्रपठण. नौदलाचं जहाज असलं की प्रमुख पाहुण्यांची पत्नी नारळ फोडणार, बँड वाजणार.

“पण नंतर मी आत असायचो,” ते म्हणाले. “आम्ही काही जण. जहाज सुटलं की लगेच टॉर्च घेऊन तळात उतरायचं. एकेक कप्पा बघायचा. पाणी येतंय का, कुठून येतंय. वर टाळ्या वाजायच्या ना, त्या आम्हाला लोखंडातून ऐकू यायच्या. कुणीतरी लांब धान्य पाखडतंय तसा आवाज.”

“म्हणजे सुटतानाच तुम्ही आत?”

“मग? नंतर पोहत जाऊ काय?”

ट्रेन बोगद्यात शिरली आणि रेंज गेली. बाहेर आलो तर फोन आईच्या हातात होता. बाबांनी तो स्पीकरवर ठेवला होता आणि ती सगळं ऐकत होती. तिसाहून जास्त वर्षं ते गोदीत गेले, आणि जहाज सुटताना नवरा त्याच्या पोटात असतो, हे तिला आत्ता कळत होतं.

“पेढे आणायचे त्या दिवशी?” ती मला विचारत होती की त्यांना, कळेना.

“हो,” मागून बाबांचा आवाज.

“आणि डबा तसाच परत यायचा. भाजी आवडली नाही म्हणायचात.”

बाबा काहीतरी पुटपुटले. मला फक्त ‘कँटीन’ एवढंच ऐकू आलं.

“वांग्याची भाजी,” आई म्हणाली. “मी करायचीच सोडून दिली होती ती.”

मग पुन्हा बोगदा आला.